मांजरी ते डेक्कन, बाबांच्या चालीने

पुण्यात राहून पुण्याला फिरायला जाणं मला आजवर वेडेपणाच वाटायचा. बारा वर्षं इथं नोकरी केली, पण माझं पुणं म्हणजे घर, कंपनी, मॉल आणि या तिन्हींच्या मधला ट्रॅफिक. मागच्या महिन्यात एका शनिवारी मात्र गाडीची किल्ली घरी ठेवून बाबांबरोबर बाहेर पडलो. बाबा मंगळवारच्या गाडीने दर्यापूरला परत निघाले होते. या वेळी ते पुन्हा यायचे नाहीत, हे मला त्यांच्या बॅग भरण्यावरूनच कळलं होतं. एरवी चार दिवस गावी गेले तरी स्वेटर इथंच राहायचा. या वेळी तोही बॅगेत गेला.

बाबा निवृत्त पोस्टमन. उभी हयात दर्यापूरच्या गल्ल्यांत पायी डाक वाटली. आई गेल्यावर मी त्यांना आग्रह करकरून मांजरीला, आमच्या अकराव्या मजल्यावर आणलं. पहिले सहा महिने छान गेले. सोसायटीच्या मागच्या भिंतीत एक लोखंडी दार होतं. त्यातून बाहेर पडलं की पाच मिनिटांत मांजरी गाव, तिथली चहाची टपरी, भाजी, दवाखाना आणि दामूअण्णा. दामूअण्णा ऊस लावणारे शेतकरी. रोज सकाळी टपरीवर त्यांची नि बाबांची बैठक असायची.

मग सोसायटीत कुणाची तरी सायकल चोरीला गेली आणि कमिटीने दार वेल्डिंग करून बंद केलं. सगळी ये-जा मुख्य गेटने, अॅपवर नोंद करून! आम्ही आयटीवाले, दार दिसलं की त्याला पासवर्ड घालतो. आता गावात जायचं तर मोठ्या रस्त्याने दोन किलोमीटरचा वळसा, फूटपाथचा पत्ता नाही आणि डंपर अंगावर येणारे. बाबा दोनदा तसे जाऊन आले, नंतर गेलेच नाहीत. दिवसभर गॅलरीत बसून राहायचे. त्या कमिटीचा सेक्रेटरी मी. पण बाबांना मी ‘सोसायटीनं ठरवलं’ एवढंच सांगितलं होतं.

“निदान जाताना पुणं तरी दाखव त्यांना,” मृणाल म्हणाली. मृणाल माझी बायको, सदाशिव पेठेत वाढलेली. “आणि गाडीतून नको. चालत.”

तर ज्यांना असंच निघायचंय त्यांच्यासाठी: सकाळी आठच्या आत निघा. सिटी बसचा दिवसाचा पास काढा, म्हणजे चुकीच्या बसमध्ये चढलात तरी जिवाला लागत नाही. आम्ही मांजरीहून हडपसर गाडीतळ आणि तिथून स्वारगेट असे गेलो. पायात जुन्या, सवयीच्या चपला घाला. मी नवे, भारीतले स्पोर्ट्स शूज घातले आणि दुपारपर्यंत टाचेला फोड आणून घेतला. बाबा त्यांच्या त्याच जुन्या सँडलमध्ये माझ्या दहा पावलं पुढे होते.

स्वारगेटहून मंडईकडे चालू लागलो आणि बाबांची चालच बदलली. मान वर, हात मागे, नजर दोन्ही बाजूंच्या दारांवर. मंडईत फुलं, मेथी, पितळी भांडी, चहा, पोहे आणि देऊळ, सगळं एका हाकेवर. तिथल्याच एका हॉटेलात बाकड्यावर बसून पोहे खाल्ले. पोहे साधेच होते, पण वर ओलं खोबरं सढळ हाताने घातलेलं होतं. समोरच्या इमारतीत खाली दुकानं आणि वर बिऱ्हाडं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडली, भाजीवालीने त्यात कोथिंबीर टाकली आणि पिशवी वर गेली. दोघी एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नाहीत. बाबा खूश झाले. “हे पाह्य,” ते म्हणाले, “अॅपशिवाय चालते.”

दगडूशेठला बाहेरूनच हात जोडून आम्ही बुधवार पेठेत शिरलो. इथं रस्ता चुकणं हाच फिरण्याचा उत्तम मार्ग आहे. वायरी आणि दिव्यांच्या दुकानांमागून एक गल्ली, तिच्यातून दुसरी, आणि मग एका चार मजली इमारतीच्या पोटातूनच गेलेला बोळ. दोन माणसं कशीबशी शेजारून जातील एवढाच रुंद. पलीकडच्या टोकाला पुस्तकांच्या दुकानांचा रस्ता दिसत होता. बोळाच्या मध्यावर वह्या-पुस्तकांच्या बाइंडिंगचं दुकान आणि दारात खळीचा डबा घेऊन बसलेले एक आजोबा.

“अहो, इथून गेलं तर चालेल का?” मी विचारलं.

“बोळ आहे. जाण्यासाठीच असतो,” आजोबा मान वर न करता म्हणाले. “उभं राहून विचारण्यासाठी नसतो.”

बाबांना हे भलतंच आवडलं. ते सरळ दुकानाच्या पायरीवर बसले. आजोबांनी एकदा चष्म्यावरून पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. मग कळलं की इमारत नवी आहे, बोळ मात्र जुना. जुना वाडा पाडताना बिल्डरला बोळ बुजवून तिथं चार स्कूटरी लावायच्या होत्या. सगळे भाडेकरू तयार होते, हे एकटे अडून बसले.

“वहिवाट आहे ही,” ते म्हणाले. “लोक पिढ्यान्‌पिढ्या इथून जातात. आपण राहतो म्हणून लोकांची पायवाट आपल्या मालकीची होत नाही.”

“पण चोऱ्यांचं काय?” माझ्यातला सेक्रेटरी बोललाच.

“सकाळपासून इथून किती माणसं गेली, मोजलीत? त्या सगळ्यांना मी ओळखतो आणि ते मला. चोराला असला बोळ परवडत नाही. त्याला तुमच्यासारख्या ठिकाणी बरं पडतं. भिंत एकदा ओलांडली की आत बघायला कोणी नाही.”

आम्ही कुठं राहतो हे मी त्यांना सांगितलंही नव्हतं. बहुधा बुटांवरून ओळखलं असावं. बाबा पायरीवर बसून बोळातून जाणाऱ्यांकडे बघत होते: पूजेची थाळी घेतलेली बाई, कागदाचे रीम खांद्यावर घेतलेला हमाल, हेडफोन लावलेल्या दोन कॉलेजच्या मुली. “इथं डाक वाटाले मजा आली असती,” ते म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना. नंतर एक वाजता आजोबांनी “आता चार वाजता” म्हणून आमच्यासमोरच शटर ओढलं. पेठेत खरेदी करायची असेल तर ती एकच्या आत उरका.

जवळच्या खानावळीत जेवून आम्ही लक्ष्मी रस्त्याने लकडी पुलाकडे निघालो. पूल ओलांडून डेक्कन, आणि तिथून जंगली महाराज रस्ता. इथला फूटपाथ बघून मी थक्क झालो. या रस्त्याने मी शेकडो वेळा गाडीतून गेलोय, पण तेव्हा फक्त सिग्नल पाहिले. चालणाऱ्याला हात पसरून चालता येईल एवढी रुंद जागा, झाडांची सावली आणि बसायला बाक. एक आजी काठी टेकत निवांत चालल्या होत्या, मागून कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. शहर म्हणजे काय ते मला त्या बाकावर बसून समजलं, हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

तिथंच मी बोललो. “बाबा, ते मागचं दार... ते मीच बंद करायला लावलं. प्रस्ताव माझाच होता.”

बाबा रस्त्याकडेच बघत राहिले. “मले माहीत हाये.”

“कसं?”

“लिफ्टपाशी नोटीस लागली होती ना. जिंदगीभर पत्ते वाचले म्या. खाली तुही सही होती.”

“मग मला बोलला का नाहीत?”

“काय बोलू बाप्पा? घर तुहं. म्या पाहुणा.”

चिडले असते तर बरं झालं असतं. 

रविवारी सोसायटीची मीटिंग होती. मी माझाच ठराव रद्द करायचा ठराव मांडला. लोकांनी मला फाडून खाल्लं. ‘गावातले लोक आत येतील’, ‘फ्लॅटची किंमत पडेल’, ‘सेक्रेटरींना वर्षभरानंतर अक्कल कशी आली?’ तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं. बोळाची गोष्ट सांगितली आणि बाबा कशामुळे चाललेत तेही सांगितलं. चौथ्या मजल्यावरच्या देशमुखकाकू उठल्या. “माझी कामवाली रोज तो वळसा घालून येते,” त्या म्हणाल्या, “त्याचा ठराव कधी मांडणार होतात?” शेवटी पाच मतांनी जिंकलो: महिनाभर सकाळी सहा ते रात्री आठ दार उघडं, आणि काही घडलं तर जबाबदारी माझी.

सोमवारी सकाळी वेल्डिंग कापलं. बाबा खाली उतरले नाहीत. त्यांनी बॅगेला कुलूप लावलेलं मी ऑफिसला निघताना पाहिलं. दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं.

संध्याकाळी सातला घरी आलो तर दारात अनोळखी चपलांचा जोड होता, टाचेला ओली माती लागलेली. आत दामूअण्णा सोफ्याच्या अगदी कडेला, अंग चोरून बसले होते. आमच्या बिल्डिंगमध्ये ते पहिल्यांदाच आले होते. “लई उंच हाय वो हे,” ते मला म्हणाले. “येळ झाला, निघतो म्या.”

बाबा स्वयंपाकघरातून आले. हातात चहाच्या ट्रेमध्ये चार कप, आईच्या पद्धतीने बशा वर झाकलेल्या. दीड वर्षात त्यांनी आमच्या गॅसला हात लावलेला मी पाहिला नव्हता. पाणीसुद्धा मागून घ्यायचे.

“जाता कुठी?” ते दामूअण्णांना म्हणाले. “नीट मागं रेलून बसा. आपलंच घर हाये.” मग माझ्याकडे वळले. “अन् तू उद्याचं ते तिकीट कॅन्सल कर. तुह्या त्या अॅपवर होते ना?”