शगुफ्ता मिस उठत नाहीत

शगुफ्ता मिस गणित शिकवतात असं म्हणायचं, खरं तर त्या भांडतात. ओमानमधल्या सलालातल्या आमच्या पाकिस्तानी शाळेत दहावीच्या पुढे वर्गच नव्हता. मुलगे पुढे मस्कतला नाहीतर कराचीला जायचे. मुली मात्र मुलुखात काका-मामांकडे, आणि तिथून सासरी. मिसनी शाळेच्या मंडळाचं इतकं डोकं खाल्लं की यंदा अकरावी निघाली एकदाची. आणि नेमकी दहावीत पहिली आलेली पलवशाच पाकिस्तानात स्वातला काकांकडे निघाली. मिसचं टाळकंच फिरलं.

"चल," त्या मला म्हणाल्या. मी उर्दू शिकवते, पण गाडी माझ्याकडे, म्हणून प्रत्येक लढाईत मला जावंच लागतं.

"बाजी," मी म्हणाले; मिसना आम्ही सगळे बाजी, म्हणजे ताई, म्हणतो. "पठाणाला त्याच्या पोरीचं काय करायचं ते आपण सांगायचं? जोडे खायची हौस आलीय का?"

"मग तू गाडीत बस."

बसते कसली. गेले मागोमाग.

पलवशाचे वडील जरवली खान बंदरावर क्रेन चालवतात. शुक्रवारची नमाज आटोपून नुकतेच घरी आले होते. त्यांच्या बायकोने कावा, म्हणजे पठाणी हिरवा चहा, आणि बदाम पुढे ठेवले. मिसनी पेला बाजूला सारला.

"घ्या ना, बाजी."

"मागायला आलेय, खानभाई. मिळाल्याशिवाय तुमच्याकडचं पाणीसुद्धा घेणार नाही."

पाहुणा उपाशी उठला तर खानाची मान खाली जाते, हे आमच्या वस्तीत पोरासोरांनाही ठाऊक आहे. जरवली खान कसनुसे झाले.

"आमच्यात दहावीनंतर मुलगी घरी जाते."

"घरी म्हणजे कुठे? जन्मली इथे, वाढली इथे. स्वात तिने सुट्टीपुरतं पाहिलंय."

"वर्गात मुलगे असणार. माझा भाऊ काय म्हणेल?"

"माझ्या वर्गात मुलगे फळ्याकडे बघायला घाबरतात, मुलींकडे काय बघतील! तुमचा थोरला माझ्याच हाताखालून गेलाय, विचारा त्याला."

खानांना हसू आलं, ते त्यांनी दाढीत दाबलं. कावा गार झाला, बाईंनी गरम आणून ठेवला, तोही गार झाला. मला बदाम खावेसे वाटत होते, पण हात पुढे केला की मिस डोळे वटारत.

शेवटी खानांनी स्वातला थोरल्या भावाला फोन लावला. "पलवशा येत नाही. नाही, तब्येत ठणठणीत आहे. घरात एक बाई येऊन बसलीय, ती उठायला तयार नाही. नाही, लाला, आता नाही. मी शब्द दिला."

फोन ठेवून ते मिसना म्हणाले, "आता तरी प्या."

मिसनी तो गार कावा एका घोटात संपवला. मला इतका आनंद झाला की मी मूठभर बदाम उचलले.

आम्ही निघालो तेव्हा पलवशाच्या आईने दारात मिसचा हात धरला. "बाजी, हिच्या पाठीवर अजून दोघी आहेत. त्यांच्या वेळीही याल ना?"

आतून जरवली खानांचा आवाज आला, "त्यांच्यासाठी कुणाला यावं लागणार नाही."