आत्याचा हिरवा अंमल

जगात हिरव्या रंगाचं जे जे काही आहे ते शिजवून नवऱ्याच्या पोटात घालण्यासाठीच देवाने निर्माण केलं आहे, अशी माझ्या आत्याची ठाम श्रद्धा होती. लढाईच्या दिवसांत माझी बदली शेवगावच्या कचेरीत झाली. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, त्यामुळे मी आत्याकडेच राहायला-जेवायला होतो. साखर रेशनवर, रॉकेल मिळेना, गहू म्हणून जे मिळे त्याबद्दल न बोललेलं बरं. तुटवडा नव्हता तो फक्त पाल्याचा. मी बटाट्यापलीकडे कुठल्याही भाजीशी ओळख न ठेवलेला माणूस, आणि आतोबा पिठलं-भाकरीवर सगळा जन्म काढायला तयार. आम्ही दोघे एका पक्षाचे, पण आमच्या पक्षाला कधी यश आलं नाही.

भाजी ताटात उजवीकडे बसते, एवढंच मला ठाऊक होतं. आत्याकडे ती कुठेही दबा धरून असे. थालीपीठात दुधी, आमटीत चाकवत, आणि पिठल्यात, हा तर उघड दगा, शेवग्याचा पाला. एका होळीला तिने पुरणात लाल भोपळा घातला. व्याही तारीफ करकरून जेवले, आणि विडा तोंडात गेल्यावर आत्याने त्यांना शांतपणे खरं काय ते सांगितलं. त्यानंतर व्याही यायचे ते जेवूनच यायचे. रविवारच्या बाजारातली माळीण एकदा कंटाळून म्हणाली, "आक्का, जुड्या कशाला निवडता, आमचा मळाच न्ह्या की उचलून." यावर आत्याने, दारापर्यंत पोचवशील का, असं विचारलं.

घरी परसातही तिची लागवड होतीच. उन्हाळ्यात गावात पाण्याची मारामार, म्हणून तिने न्हाणीचा दगडच उखडून टाकला होता. ती सांगेल त्या वेलाच्या आळ्यात पाट ठेवून आंघोळ करायची, साबण न लावता. "आज तू पडवळाशी बस, कारलं कालच न्हालंय," असा सकाळी हुकूम सुटे. मला मुलगा झाल्याची बातमी घेऊन माझे सासरे आले. नगरचे नामांकित वकील. त्यांनाही तिने पंचा नेसवून वांग्यांच्या वाफ्यात बसवलं. त्यांना आंघोळीला भरपूर पाणी लागतं हे ध्यानात येताच तिने त्यांना आग्रहाने आणखी आठवडाभर ठेवून घेतलं. त्या वर्षी वांगी काय धरली म्हणता!

अशात आतोबा काशीला जाऊन आले. काशीला गेलं की आपली आवडती वस्तू गंगेला वाहून जन्मभरासाठी सोडायची, ही आपल्याकडची रीत. कुणी एखादी भाजी सोडतो, कुणी एखादं फळ. आतोबांनी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून झाडून सगळ्या पालेभाज्या सोडल्या, वर दोडका, पडवळ आणि दुधी. गंगेचा गडू देवापुढे ठेवून त्यांनी हे जाहीर केलं तेव्हा मी मनातल्या मनात काशीचं तिकीट काढलं.

गंगेला दिलेला शब्द मोडा, असं म्हणणं आत्याच्याने होईना. तिने निमूटपणे निखळ पिठलं वाढायला सुरुवात केली आणि तिचं स्वतःचं जेवणावरचं लक्ष उडालं. आतोबांच्या कोठ्याची तक्रार जुनी. पोटात पालाभाजी गेली नाही तर हे दुखणं जिवावर बेतेल, असं वैद्यांनी तिला पूर्वीच बजावलं होतं, आणि हा सगळा हिरवा अंमल तेव्हापासूनचा होता. आतोबा चार दिवस राजासारखे जेवले. मग ते पोट धरून माजघरात येरझारा घालू लागले, पण हट्ट सोडीनात.

एका दुपारी पळी हातात तशीच धरून आत्या त्यांच्या पानासमोर उभी राहिली.

"अहो, गंगेला आवडतं तेच वाहायचं असतं ना?"

"अर्थात."

"मग दोडका तुम्हाला कधीपासून आवडायला लागला?"

आतोबांनी हातातला घास पुन्हा पिठल्यात बुडवला.

"तिला फसवलंत तुम्ही. ते काही तिला पोचलं नाही. आता खरं आवडतं ते सोडा. पिठलं."

आतोबांनी आधी गडूकडे पाहिलं, मग पिठल्याकडे. संध्याकाळी ते मुकाट्याने दोडका जेवले. पक्षाची शिस्त म्हणून मलाही जेवावा लागला.

लढाई संपल्यावर दोघं जोडीने काशीला गेली. आत्याने मेथी सोडली. मेथी म्हणजे तिचा जीव की प्राण. तिने गंगेला फसवलं नाही. घरात मात्र मेथी शिजतच राहिली. नैवेद्याआधी ती चाखत नसेच, पण पूर्वी निदान स्वतः पानावर बसल्यावर तिला चव कळायची. आता तीही सोय गेली. त्यातून नजर अधू झालेली, मीठ कधी दोनदा पडे.

माझी बदली झाल्यानंतर एकदा मी सुटीत गेलो होतो. मेथीचा पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणीच आलं. मी तोंड उघडणार, तोच शेजारून आतोबांनी माझ्या मांडीला सणसणीत चिमटा काढला. त्यांची मेथी संपली होती.

"अगं," ते आत वळून म्हणाले, "थोडी मेथी वाढ."

उभ्या संसारात त्यांनी आपणहून भाजी मागितलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. आत्या लगबगीने आली, तिने त्यांना वाढली, मग न विचारता मलाही. आम्ही दोघांनी ती संपवली, आणि हात धुताना एकमेकांकडे न बघता तांब्याभर पाणी प्यायलो.

आता आमच्या घरी मेथी अगदी बेताच्या मिठाची होते. मला ती जरा अळणीच लागते.