इनामगावच्या ज्वारीत नोराची 'म्हातारी'

हो-नाही करता करता शेवटी आम्ही निघालोच! गोष्ट सत्तरच्या दशकातली. पुण्यात आमच्या शेजारी नोरा नावाची आयरिश मुलगी राहायची, छान मराठी शिकलेली. मायदेशी परतण्याआधी तिला आपली सुगी बघायची होती. माझे मामा इनामगावचे, ज्वारी काढणीला आलेली. म्हटलं, चल!

पॅसेंजरनं दौंड, स्टँडवर गरम भजी, मग धुरळा उडवत एसटी आणि फाट्यावरून पायी. तुम्ही जाणार असाल तर माघात जा आणि डोक्याला काहीतरी बांधा, ऊन फार लागतं.

शेतात मामींनी पिठलं-भाकरी वाढली. नोरानं ठेच्याचा गोळाच तोंडात टाकला! डोळ्यांतून धारा, तरी म्हणते, "अजून!" मला हसू आवरेना.

संध्याकाळपर्यंत सगळी ज्वारी उपटून झाली. कोपऱ्यात मूठभर ताटं उरली.

"मामा, ही मला द्या ना," नोरा म्हणाली.

"न्हाई बाई. शेवटची ताटं पाखरांची असत्यात."

तिचा चेहरा पडला. मग तिनं सांगितलं. त्यांच्याकडचे गेलिक, म्हणजे जुनी आयरिश भाषा बोलणारे, शेतकरी शेवटच्या पेंढीला 'म्हातारी' म्हणतात. ती आपल्या हातानं कापणं अपशकुनाचं, म्हणून सगळे लांबून विळे फेकतात. मग तिची वेणी घालून हिवाळाभर घरात टांगतात आणि पहिल्या नांगरटीला घोड्यांना चारतात. वेणी तिला वडिलांनी शिकवलेली. ते गेले, शेतही विकलं.

"आमच्या घरात आता कुणी बांधणार नाही, मामा. एकदाच बांधू द्या."

मामांनी टोपी मागं सारली. "घोडं न्हाई आमच्याकडं. बैल चालत्याल का?"

अहो, काय धमाल उडाली! दोन ताटं पाखरांना ठेवून आम्ही विळे घेऊन ओळीनं उभे राहिलो. माझा विळा भलतीकडेच गेला, मामांचा बांधावर आदळला. मामींनी पदर खोचला, नेम धरला, आणि सपकन म्हातारी आडवी!

"घ्या! आता बोला!" मामी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या.

नोरा हसत-रडत वेणी घालत बसली. ती वेणी तिनं मामांच्या हाती दिली आणि त्यांनी ती घरात आढ्याला टांगली.

नोरा मायदेशी गेली. मला वाटलं, संपलं सगळं, आणि फार वाईट वाटलं. पुढच्या वर्षी सुगी उरकून मामा पुण्याला आले. चहा पिता पिता म्हणाले, "म्हातारी बैलांनी खाल्ली बरं का, पहिल्याच नांगरटीला. त्या पोरीला कळव. आन् यंदा बी बांधलीय, तुझ्या मामीनं. जरा वाकडी झालीय, तेवढं मातर लिहू नगंस."

मी नोराला तेच सगळ्यात आधी लिहिलं.