मागच्या सीटवरून

दूधवाल्याच्या किटल्या वाजून गेल्या आहेत. सुषमा उठून स्वयंपाकघरात गेली आहे, तिची भांड्यांची खुडबुड ऐकू येते आहे, आणि मी पांघरुणात डाव्या कुशीवर पडून रविवारची जास्तीची झोप चोरतो आहे. नीट झोप नाही, नीट जाग नाही. डोक्यात एक वाक्य घोळतं आहे. आज सकाळी रेवती काटकर तिच्या आईला घेऊन येणार आहे आणि मी तिला नाही म्हणणार आहे. "चालवायच्या स्थितीत नाही," असं म्हणायचं ठरवलं आहे. सायकल की मी, ते सांगत बसायचं नाही.

हे नीट सांगायला हवं. माझं साताऱ्यात चष्म्याचं दुकान आहे. माझा शाळेपासूनचा मित्र भालचंद्र शिंगटे, म्हणजे भाल्या, याचे डोळे काचबिंदूने ऐन तिशीत गेले. चष्मेवाला आणि आंधळा अशी जोडी, त्यामुळे गावाने आमची पोटभर चेष्टा करून घेतली, आणि उरलीसुरली भाल्याने स्वतः केली. पुढे आम्ही दोघांत मिळून एक जोडसायकल घेतली. दोन सीटा, एकामागे एक. वळण आणि ब्रेक पुढच्याच्या हातात, मागच्याने नुसते पाय मारायचे आणि विश्वास ठेवायचा. मी पुढे, भाल्या मागे. दर रविवारी लिंब, पाचवड, वाई करत मेणवलीच्या घाटावर जायचं, वाटेत कुठेतरी मिसळ खायची आणि त्यावरून भांडत परत यायचं.

या सायकलवर पुढच्याला सगळं आधी तोंडाने सांगावं लागतं. वळण, चढ, थांबतोय. स्पीडब्रेकर आला की मी म्हणायचो, "ऊठ", आणि दोघेही सीटवरून वर. भाल्याला जाऊन वर्ष होत आलं, पण तोंडाची सवय काही गेली नाही. परवा कोरेगावच्या एसटीत खिडकीतून स्पीडब्रेकर दिसला आणि मी म्हणालो, "ऊठ". शेजारचा माणूस बिचारा पिशवी उचलून उभाच राहिला. मी माफी मागितली, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे जाऊन बसला.

भाल्या झोपेतच गेला. त्यानंतर ती सायकल बोळात चादरीखाली उभी आहे. रेवती बी.ए.ला आहे, तिला जन्मापासून दिसत नाही, आणि तिला सायकलवरून मेणवलीला जायचं आहे. कोणीतरी तिला माझं नाव सांगितलं. तिचा फोन आला तेव्हा मी आढेवेढे घेत होतो, तेवढ्यात सुषमाने माझ्या हातून फोन काढून घेतला आणि म्हणाली, "या की रविवारी." बायकोला काय जातं म्हणायला. मला मात्र आजही सायकल म्हटलं की पाठीमागे भाल्याचं वजन जाणवतं. तिथे दुसरं कोणी बसलं तर ते जाईल, आणि मग माझ्याकडे भाल्याचं काहीच उरणार नाही. मला त्याचीच भीती वाटते.

मी कूस बदलतो. गादीला उतार लागतो.

उतार चांगला लांबलचक आहे. चाकांची किरकिर ऐकू येते, कानांना वारा लागतो, दोन्ही बाजूंना ऊस आहे. माझे पाय आपोआप फिरताहेत. मी डोळे उघडतो तर समोर रस्ता नाही. समोर नारिंगी टी-शर्टातली एक रुंद पाठ आहे. मी मागच्या सीटवर बसलो आहे.

"भाल्या?"

"बोल."

"तू पुढं कसा?"

"वर्षभर मागंच होतो की लेका. एक दिवस पुढं बसलो तर लगेच पोटात दुखलं का तुझ्या?"

मला दचकायला हवं, पण दचकायला होत नाही. उलट बरं वाटतं आहे, फार बरं. मी हात पुढे करून त्याच्या पाठीला लावतो. टी-शर्ट घामाने ओला आहे.

"दिसतंय का तुला?" मी विचारतो.

"तुझ्यापेक्षा बरं. तू चष्मा लावून एवढी वर्षं काय बघत होतास, ते आज कळलं."

"काय?"

"उसाला तुरे आलेत हे कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं. तू म्हणालास रंगबिंग नको, चढ कधी आहे ते सांग."

"हां, ते पण खरं," भाल्या म्हणतो.

मी बाजूने वाकून पुढे पाहायचा प्रयत्न करतो, पण जिकडे वाकावं तिकडे त्याची पाठच आहे. शेवटी नाद सोडतो आणि डोळे मिटतो. मग सगळं यायला लागतं. गुऱ्हाळाचा वास, एकदम उबदार आणि गोड. मग वास संपतो आणि थंड हवा पायांकडून वर येते. "पायऱ्या," भाल्या सांगतो, आणि आम्ही सायकलसकट लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीत उतरत असतो. एकही धक्का बसत नाही. वरती बाराही मोटा चालू आहेत, पाणी पडतं आहे, कोणीतरी बैलांना हाका मारतं आहे. आमच्या साखळीचा आवाज दगडी भिंतींवर आपटून परत येतो. हे ऐकायला म्हणूनच तो इथे आला की न सांगता गप्प व्हायचा. मला वाटायचं दमला.

"आज ती येणार आहे ना?" तो विचारतो.

"कोण?"

"काटकरांची पोरगी."

"तुला कोणी सांगितलं?"

"तूच. काल रात्रभर तेच घोकत होतास. चालवायच्या स्थितीत नाही, चालवायच्या स्थितीत नाही. शाळेत कविता अशी पाठ केली असतीस तर पास झाला असतास."

"मी नाही म्हणणार आहे."

"का?"

"ती तुझी जागा आहे."

"सीट आहे ती, दिग्या. समाधी न्हाई."

पाणी पडायचं थांबतं. आता कपडे आपटल्याचा आवाज येतो आहे, ऊन मानेवर आहे, आणि आपण मेणवलीच्या घाटावर आहोत हे मला डोळे मिटूनच कळतं. उघडतो. पहिल्यांदाच भाल्याचं तोंड दिसतं, कारण तो सायकलवरून उतरून त्या मोठ्या घंटेपाशी उभा आहे. नेहमीसारखा तिच्या अंगावर तळवा ठेवून. घंटेखाली माझ्या दुकानातला नजर तपासायचा तक्ता टांगला आहे. भाल्या वरची मोठी अक्षरं वाचतो, मग मधली, मग अगदी तळाची बारीक, आणि तक्ता संपल्यावरही कोऱ्या भिंतीवर वाचत राहतो. धुणं धुणाऱ्या बायका आमच्याकडे बघतही नाहीत.

"काय लिहिलंय तिथं?"

"तुला सांगून उपयोग नाही. तुझा नंबर वाढलाय." तो हसतो आणि पायरीवर बसतो. मांड्या चोळायला लागतो. "माझे पाय दुखतात रे."

"तुझे? आता?"

"मग? तुला मागं वजन लागतं म्हणून बसून राहिलोय. स्कूटरवर मी आहेच, एसटीत आहेच. परवा तू ऊठ म्हणालास, तर तो माणूस उठायच्या आधी मी उठलो होतो. वर्षभर पाय मारतोय. कंटाळा न्हाई आला, तसं समजू नको. पण दमलो."

मला वाटत होतं मी त्याला जपून ठेवलं आहे. मी त्याला दमवत होतो, हे मनातही आलं नव्हतं. रडू येतं आणि मी ते आवरत नाही, कारण भाल्यासमोर मला कधी आवरावं लागलं नाही. त्याला दिसायचं नाही म्हणून नव्हे. त्याला सगळं कळायचंच.

"तू उतरलास तर मी पडेन," मी म्हणतो.

"तूच पुढं बसायचास. मी कधी वळवली का सायकल?"

"मी तिला चुकून भाल्या म्हणेन."

"म्हण की. एकतर ओ देईल, नाहीतर शिव्या देईल. मी दोन्ही करायचो." मग म्हणतो, "येतं काय तिला?"

"गाते म्हणे."

"बरं आहे. मी नुसता बडबडायचो. उंचीला केवढी आहे?"

"एकदाच लांबून पाहिलंय. माझ्या खांद्याला लागेल."

"तेवढीच?" तो भुवया वर करून विचारात पडतो, पूर्वी बँकेत टेलिफोन ऑपरेटर असताना चुकीचा नंबर लागला की पडायचा तसा. "चल. बस."

आम्ही परत सायकलवर आहोत. घाट मागे पडला असावा, कपड्यांचा आवाज लांबून येतो आहे. रस्ता सपाट आहे आणि भाल्या काहीतरी गुणगुणतो आहे, बेसूर. मी त्याच्या पाठीला डोकं टेकतो. असंच जात राहावं, बाकी काही नको.

"भाल्या, मिसळ खाऊन जाऊ."

"तू खा. दिग्या, नीट ऐक."

"काय?"

"ऊठ."

मी उठतो. सवयीने दोन्ही पायांवर भार देऊन सीटवरून वर होतो आणि धक्क्याची वाट बघतो. धक्का येत नाही. परत बसायला जातो तर खाली काही नाही.

पलंगाच्या कडेला मी बसलेला आहे आणि खोलीत भरपूर उजेड आहे. उशी ओली आहे. सुषमा दारातून म्हणते आहे, "अहो, किती हाका मारायच्या? त्या दोघी आल्यात. चहा दिलाय त्यांना."

मी तोंड धुतो आणि बाहेर येतो. रेवती खुर्चीत सरळ बसली आहे, कपबशी मांडीवर धरून. माझी पावलं ऐकून ती म्हणते, "काका, नाही म्हणणार असाल तर चहा संपायच्या आत म्हणा. नंतर मला उठवत नाही."

तिची आई ओशाळी होते. मला ठरवलेलं वाक्य बोलायचं आहे, पण ते तोंडात येत नाही. "आधी सायकल बघू," असं काहीतरी पुटपुटत मी दोघींना बोळात आणतो. चादर ओढतो. पुढचं मागचं, दोन्ही चाकं हवा जाऊन बसली आहेत. हे दाखवून मला सुटता आलं असतं.

मागची सीट खाली गेली आहे.

भाल्या जवळजवळ सहा फूट होता. त्याची सीट शेवटपर्यंत वर ओढलेली असायची, तिचा दांडा हातभर बाहेर दिसायचा. आता तो बोटभरही दिसत नाही. मी सीट हलवून बघतो. पक्की आवळलेली आहे. ती आवळायची किल्ली दुकानात आहे आणि सुषमाने या सायकलला कधी हात लावलेला नाही.

"काय झालं?" रेवती विचारते.

"काही नाही. बस बघू वर."

मी पुढचं हँडल घट्ट धरतो. ती चाचपडत सीट शोधते, पाय टाकून बसते. तिचे दोन्ही पाय पेडलवर बरोबर पोचतात.

"जरा धरा," मी तिच्या आईला म्हणतो आणि पंप शोधायला आत जातो.