हजेरीचे रंग

कुणी स्वतः केलेला सॉफ्टवेअरचा स्क्रीन दाखवायला गेलं की आमच्या ऑफिसातली ताई आधी खुर्ची मागे सरकवायची, ओढणीचं टोक नाकाशी धरायची आणि म्हणायची, "वास येऊन राहिला." अकोल्यातलं आमचं ऑफिस कीटकनाशकांच्या दुकानावर होतं, त्यामुळे नव्या माणसाला वाटे, ही खालच्या औषधांबद्दल बोलते आहे. ती आमच्या कामाबद्दल बोलत असे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना घाण सोसत नाही आणि नोकरी नेमकी घाणीतच लागते. ताई रोज मूर्तिजापूरहून गाडीनं यायची. आल्याबरोबर स्पिरिटच्या बोळ्यानं आपला माउस पुसायची, कारण ती नसताना आमच्या मालकाची, म्हणजे भाऊची, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटलेली बोटं त्यावर पडत.

दुकानं, दवाखाने, शाळा यांच्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर करायचो. आतली गणितं माझी, डोळ्यांना दिसेल ते तिचं. फॉर्म एडिटर उघडला की ठिपक्यांची एक कोरी खिडकी येते. बाजूच्या पेटीतून बटणं, चौकटी, याद्या माउसनं ओढायच्या आणि तिच्यावर मांडायच्या. दिसायला पोरखेळ. म्हणून त्यात प्रत्येकालाच अक्कल असते.

एका मंगल कार्यालयाच्या मालकाला बुकिंगच्या स्क्रीनमागे स्वतःचा फोटो हवा होता. ताईनं वाद घातला नाही. फोटो लावला, वर चौकटी मांडल्या आणि त्यांना बोलावून विचारलं, "काका, तारखेची चौकट तुमच्या नाकावर येऊन राहिली. चालते का?" फोटो गेला.

भाऊनं एकदा तिच्या पाठीमागे एका दवाखान्याच्या स्क्रीनवर लाल रंग ओतून पिवळं, लुकलुकणारं 'सुस्वागतम्' टाकलं. त्या दिवशी तिनं डबा उघडला नाही. आम्ही हसलो.

मग दर्यापूरकडच्या एका शाळेचं हजेरीचं काम आलं. तिथं वर्गावर्गात मोठे स्क्रीन बसवले होते आणि रोज सकाळी त्यावर मुलांची यादी उघडायची होती. संस्थेच्या सचिवांना त्यात एक सोय हवी होती. प्रत्येक मुलाची ओळ त्याच्या प्रवर्गाप्रमाणे वेगळ्या रंगात दिसावी. शिष्यवृत्तीचं काम सोपं जातं, म्हणाले. भाऊनं मान डोलावली. नुसता रंग तर निवडायचा.

ताईनं या वेळी नाकाला ओढणी लावली नाही. हे मी करणार नाही, एवढंच म्हणाली. भाऊ समजावू लागला तेव्हा तिनं सांगितलं, की ती चौथीत असताना गुरुजी भर वर्गात 'शिष्यवृत्तीवाले उभे राहा' म्हणायचे. ती पहिल्यांदा उभी राहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलीनं आपली पाण्याची बाटली बाकाच्या पलीकडच्या टोकाला नेऊन ठेवली. बाटली वर्षभर तिथंच राहिली. सांगताना ताईचा आवाज अगदी सपाट होता.

भाऊ म्हणाला, "जुन्या गोष्टी कायले काढता?" आणि स्वतःच तिच्या खुर्चीत बसला. गालात खर्रा धरून त्यानं तिच्या पांढऱ्या यादीवर निळा, हिरवा, गुलाबी चढवला.

शाळेत दाखवायला ताई आणि मी गेलो. नमुन्यासाठी चार नावं भरून ठेवायचं काम तिच्याकडे होतं. शिक्षक मुलांच्या बाकांवर अवघडून बसले, सचिव पुढे खुर्चीत. मोठा स्क्रीन उजळला. यादीत मुलांची नावं नव्हतीच. तिथं शिक्षकांची नावं होती आणि सगळ्यात वर सचिवांचं. लॉगिनसाठी शाळेनं सचिवांसकट सगळ्यांची माहिती प्रवर्गासह पाठवली होती, तीच तिनं भरली होती. प्रत्येक ओळ आपापल्या रंगात.

माणसं आधी आपली ओळ शोधत होती, मग शेजारच्याची. एका बाईंनी पर्स छातीशी धरली. मागच्या बाकावरचे एक सर, निळ्या ओळीतले, खिडकीबाहेर बघू लागले.

सचिवांनी विचारलं, "आमची नावं काहून टाकली?"

"पोराईचीच टाकाची होती," ताई म्हणाली. "पन तुमाले आधी पाहू द्यावं म्हटलं."

सचिवांनी रंग काढायला सांगितले. तिनं तिथंच फॉर्म उघडून ते काढले.

परतताना आम्ही फाट्यावर जीपची वाट बघत होतो. ती बाभळीच्या आड गेली आणि मला ओकल्याचा आवाज आला. मी पाणी नेऊन दिलं. तिनं चूळ भरली आणि तोंड पुसलं.

"त्या मागच्या सराले काहून उभं केलं मी?" ती म्हणाली. "त्याईचं काय चुकलं होतं?"

जीप आली, आम्ही बसलो.

आम्ही पोचायच्या आत सचिवांचा फोन पोचला होता. भाऊनं तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. तिनं मान हलवली आणि गाडी चुकायला नको म्हणून लवकर निघाली. आता ती अमरावतीला असते म्हणतात. कुठं, ते कोणाला ठाऊक नाही.

नवं गिऱ्हाईक आलं की भाऊ आजही तीच हजेरी उघडून दाखवतो. पांढऱ्यावर काळी नावं, अकारविल्हे, सगळी सारखी. गिऱ्हाईक खूश होतं. फार साफ काम आहे, कोणी केलं, असं विचारतं.

"आमीच," भाऊ म्हणतो.

त्या 'आमी'त मीही येतो.