नृसिंहपंतांवरचा डूख

नृसिंहपंत शेवटी म्हातारपणी कफाने गेले, आपल्याच अंथरुणात, लोडाला टेकून. साप त्यांच्या वाटेला कधी गेला नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण सुप्यापासून कोसभरावरच्या त्या गावात पंतांचं नाव निघालं की सापाचं निघतंच, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की ते पान लागून, म्हणजे साप चावूनच, गेले असतील. तेवढं मोठं मरण त्यांच्या नशिबी नव्हतं.

पंत नगरला कचेरीत कारकून होते. पेन्शन घेऊन गावी आले तेव्हा शेतीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण गावात माणसाला कशावरून तरी ओळखतात. कुणी कुस्तीवरून, कुणी भजनावरून, कुणी नुसत्या शिव्यांवरून. पंतांनी साप धरले, म्हणजे बोलण्यापुरते. धामण म्हशीच्या पायांना वेढा घालून सडातून दूध पिते, मण्यार झोपलेल्याच्या छातीवर बसून श्वास ओढून नेते, घोणशीची नुसती फुंकर लागली तरी अंग सडतं, असं ते ओटीवर बसून सांगत. यातलं एकही त्यांनी पाहिलं नव्हतं. ज्यांच्या पायाखाली रोज साप येत ती माणसंही माना डोलावत, कारण पंतांच्या अंगात जाड लोकरी बनातीचा कोट होता आणि डोक्याला जांभळा रुमाल.

त्यांचं सापाशी वागणंही याच ज्ञानातून आलेलं. घोणस दिसली की ते ओरडून माणसं गोळा करत आणि माणसांच्या मागे उभे राहून सांगत, ‘आधी शेपटीवर, लगेच मारू नका.’ हालहाल करून मारला की त्याच्या जातीचे पुन्हा फिरकत नाहीत, असं त्यांचं शास्त्र. एकदा गोठ्यामागच्या मण्यारीच्या बिळात त्यांनी उकळतं पाणी ओतवलं, वर पाटा ठेवला, आणि आतली वळवळ थांबेपर्यंत पाट्याशी बसून तंबाखू मळली. त्यांच्या पत्नी दमयंतीबाई तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पाणी तापवून त्यांनीच दिलं होतं. कशाला हवंय ते विचारायचं त्यांच्या मनात आलं होतं, पण नवऱ्याला काही विचारायची सवय त्यांना लग्न झाल्यापासून नव्हती.

दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षीच्या कार्तिकात पंतांनी नाग मारला. नाग त्यांच्या रानाच्या कडेच्या वारुळातला. श्रावणात नागपंचमीला पंतांनी स्वतः सोवळं नेसून त्या वारुळाला दूध आणि लाह्या वाहिल्या होत्या. नागाला इजा होऊ नये म्हणून त्या दिवशी घरात चिरणं नाही, तळणं नाही. दमयंतीबाईंनी मुठीने लाडू वळले होते आणि हात जोडले होते. तोच नाग कार्तिकातल्या उन्हात बांधावर पडला होता. माणसाची चाहूल लागताच तो मुकाट्याने वारुळाकडे निघाला. पंतांच्या हातात काठी होती आणि नागाचं तोंड पलीकडे होतं. एवढं जमून आल्यावर पंतांना शौर्य सुचलं. काठी नागाच्या पाठीच्या मध्यावर बसली आणि कणा मोडला.

मग गाव जमलं. नाग पुढे सरकू शकत नव्हता, मागे सरकू शकत नव्हता. पुढचं अर्धं अंग तेवढं जिवंत होतं, ते उचलून फणा काढून तो उभा राहिला, कारण त्याला दुसरं काही करताच येत नव्हतं. याला लोक म्हणाले, ‘रागावलाय.’ पंतांनी त्याला मारून टाकलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण समोर एवढी माणसं बसलेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा पंतांच्या सापाच्या गोष्टीत खरा साप. ऊन कलेपर्यंत ते त्याच्यासमोर उभे राहून बोलत होते. मधूनच काठीचं टोक त्याच्या तोंडाशी नेत. तो फूत्कारला की पोरं टाळ्या वाजवत. शेवटी त्याचं डोकं ठेचलं, तोंडात तांब्याचा पैसा घातला आणि गोवऱ्यांवर जाळला. तोंडात पैसा घालून अग्नी दिला की सगळं धर्माला धरून झालं. पंत घरी येऊन ताकभात जेवले.

दुसऱ्या दिवशी देवळाचा गुरव गहिनीनाथ ओटीवर आला. हा माणूस पंतांपेक्षा वरचढ, कारण साप न बघता बोलण्यात त्याची हयात गेली होती.

‘पंत, येक इचारू का?’ तो म्हणाला. ‘दुपारभर त्यो कुनाकडं बघत हुता?’

‘माझ्याकडे. दुसऱ्या कुणाची छाती होती समोर उभं राहायची?’

‘त्येच म्हनतो. त्यानं डूख धरला आसंल. तुमचं रूप डोळ्यात घिऊन मेलाय त्यो. डोळे तर तुमी मागनं ठेचले. आन वारुळातनं त्याची जोडीदारीन बघत हुती का न्हाई, कुनाला ठावं?’

पंतांनी खाली सोडलेले पाय वर ओटीवर घेतले.

नागाची बाजू मांडायला तिथे कोणी नव्हतं, म्हणून दोन शब्द. नागाला जोडीदारीण असते ती जोडी जमण्याच्या दिवसांत, एरवी दोघांच्या वाटा वेगळ्या. त्याच्या लेखी माणूस म्हणजे जवळ आलेलं, हलणारं काहीतरी मोठं. मेलेल्याच्या डोळ्यांत काही उरत नाही, सापाच्याही नाही. आणि पंतांचा चेहरा लक्षात ठेवण्यासारखा तरी कुठे होता? कचेरीतल्या साहेबाला तो पंतांच्या बदलीच्या दिवशीही आठवला नव्हता.

पण पंतांची झोप उडाली. खाटेचे चारही खूर पाण्याच्या भांड्यांत ठेवले गेले. अंगणातल्या मातीत लांबट रेघ दिसली तेव्हा ते ओरडत घरात पळाले. गाय दावं ओढत गेली होती, त्याची ती रेघ. त्यानंतर दमयंतीबाई काठी आपटत पुढे चालल्याशिवाय ते अंगणात पाऊल टाकीनात. बायकोला पुढे घालून परसाकडे जाणारा नागमाऱ्या गावाने पाहिला. हसायचं सोडून लोक गंभीर झाले, कारण डुखावर त्यांचाही विश्वास होता. दमयंतीबाईंचाही होता. त्यांना फक्त नवऱ्यावर नव्हता.

मग गहिनीनाथाने उपाय सांगितला. नागीण रूप ओळखते, तेव्हा रूप टाकावं. पंतांनी मिशी काढली. बोडक्या ओठाने ते सगळ्यांना नवस फेडल्याचं सांगत फिरले. त्या मिशीखाली इतकी वर्षं काय होतं ते दमयंतीबाईंना त्या दिवशी कळलं. वरचा ओठ नुसता थरथरत होता.

पौष लागला. पारनेरच्या माळावरची थंडी, वारा अडवायला झाड नाही. लढाईत लागलेला कापडाचा कंट्रोल अजून उठला नव्हता, कापड मोजूनमापूनच मिळे. पंतांचा सालगडी मच्छिंद्र उभ्या ज्वारीच्या राखणीला रात्री रानात झोपायचा. खांद्यावर बारदान घेऊन जायचा, कारण घरात असलेली एकच वाकळ पोरांच्या अंगावर असायची. एका सकाळी पंतांनी त्याला ओटीवर बोलावलं आणि बनातीचा कोट आणि जांभळा रुमाल त्याच्या हातात दिला.

मच्छिंद्र कोटाकडे बघत राहिला. ‘मला, पंत?’

‘तुलाच. रानात गारठा असतो. रात्री घालत जा. रुमालही बांध, कानात वारं जातं.’

दमयंतीबाई आतून ऐकत होत्या. फाटकं धोतरसुद्धा बोहारणीला घालून भांडं घेणारा हा माणूस. भीतीने का होईना, याचं मन मऊ झालं, असं त्यांना वाटलं. त्यांचे डोळे भरून आले. रात्री त्यांनी मुद्दाम पंतांच्या आवडीची खिचडी केली.

पंत खूप दिवसांनी पोटभर जेवत होते. ‘आता सुटलो,’ ते म्हणाले. ‘वारुळाला लागूनच झोपतो तो. नाग मारताना माझ्या अंगावर होता तोच कोट, तोच रुमाल. ती यायची ती त्याच्याकडे जाईल. एकदा डसली की डूख फिटला. तूप वाढ.’

दमयंतीबाईंच्या हातात तुपाचं भांडं होतं. ‘अहो, आणि त्याचं काय?’

‘त्याचं काय? रानातला माणूस तो. त्याला साप काय नवे आहेत?’

त्यांनी तूप वाढलं. ते आपण वाढलं, हे त्यांना पुढे कितीतरी दिवस विसरता आलं नाही. सकाळी डोळा उघडला की रानाकडून कुणी धावत येतंय का याकडे त्यांचे कान लागत. मच्छिंद्र धारेला आला की जीव भांड्यात पडे, आणि लगेच दुसऱ्या रात्रीची धास्ती सुरू होई. त्याला सांगावं तर नवऱ्याची लाज चव्हाट्यावर जाणार. न सांगावं तर माणूस मरणार. नवऱ्याची लाज आणि माणसाचा जीव एका तागडीत तोलायचे एवढे दिवस आपल्याला कशाला लागावेत, याचीच त्यांना शरम वाटू लागली. एक दिवस दुपारी पंत झोपलेले पाहून त्या मच्छिंद्राच्या खोपटाकडे गेल्या.

मच्छिंद्राची बायको बायडाबाई दारात गोवऱ्या रचत होती. आत धाकटी पोर खोकत पडली होती. तिच्या अंगावर पंतांचा कोट होता, गळ्यापर्यंत ओढलेला.

दमयंतीबाई उंबऱ्यातच थांबल्या. ‘बायडाबाई, तो कोट काढ आधी पोरीच्या अंगावरचा. तो तुम्हांला का दिलाय ते तुम्हांला माहीत नाही.’

‘ठावं हाय की, काकू,’ बायडाबाई म्हणाली. तिने हातातली गोवरी रचली आणि दुसरी घेतली. ‘समद्या गावाला ठावं हाय. डुखाचा कोट हाय त्यो.’

‘आणि तरी घेतलात?’

‘मग काय करावं? नागीन यील तवा यील. थंडी तर रोज येती. पोर मागल्या महिन्यात जाया लागली हुती हातातनं. आता जरा ऊब हाय तिला.’

‘अगं, पण ती नागीण पोरीकडे आली तर?’

बायडाबाईने आत पाहिलं आणि आवाज खाली आणला. ‘म्हून तर रुमालाचं मुंडासं ह्यांनी ठिवलंय. कोट पोरीला, मुंडासं ह्यांना. रोज रातच्याला मुंडासं बांधून वारुळाम्होरं जाऊन बसत्यात. अंगावर नुसतं बारदान. म्हनत्यात, तिला म्या हितंच घावलो म्हंजी ती घराकडं जायाची न्हाई.’

दमयंतीबाई आत जाऊन पोरीशेजारी बसल्या. वारुळात कोणी नव्हतं, येणारही नव्हतं, पण हे त्या खोपटात कुणालाच माहीत नव्हतं, त्यांनाही नाही. त्यांना एवढंच दिसत होतं की एक माणूस उघड्या छातीने रोज रात्री मरणाची वाट बघत बसतो, आपल्या पोरीची वाट चुकावी म्हणून. आणि दुसरा खाटेखाली पाण्याची भांडी ठेवून घोरतो. त्या दुसऱ्याच्या नावाचं कुंकू आपण लावतो, याची त्यांना किळस आली. त्यांनी पोरीच्या कपाळावर हात ठेवला, कोटाची बाही तिच्या मानेखाली सरकवली आणि उठल्या.

‘काकू, पंतांना सांगू नगा,’ बायडाबाई मागून म्हणाली. ‘कोट मागं घेत्याल.’

घरी आल्या तेव्हा पंत उठून ओटीवर बसले होते. बायको रानाच्या बाजूने येताना पाहून ते लगबगीने पुढे सरसावले.

‘मच्छिंद्राकडे गेली होतीस? काय, झालं काही?’

त्या प्रश्नात काळजी नव्हती. आशा होती. सणाच्या दिवशी पोरं ‘झालं का?’ म्हणून स्वयंपाकघरात डोकावतात, तसा तो बोडका चेहरा उजळला होता. दमयंतीबाईंनी त्या चेहऱ्याकडे नीट पाहून घेतलं आणि त्या आत गेल्या. पंतांच्या खाटेवरची नवी घोंगडी त्यांनी ओढली. खालची जाड रजई ओढली. दोन्हींची घडी केली आणि डोक्यावर घेऊन बाहेर आल्या.

‘हे काय? कुठे नेतेस?’

‘मच्छिंद्राकडे.’

‘डोकं फिरलंय का? भर दुपारी, सगळ्या गावादेखत? आणि मी काय पांघरू?’

‘ते तुम्ही बघा. कोट नका मागायला येऊ त्याच्याकडे. आलात तर कोट कशाला दिला होता ते देवळापुढे उभी राहून सांगेन. लोकांना माहीत आहे, पण माझ्या तोंडून ऐकू देत.’

त्या ओटीची पायरी उतरल्या. काठी त्यांनी बरोबर घेतली नव्हती. वाटेवर पाणी भरायला निघालेल्या बायका थांबून पाहू लागल्या.

‘दमयंती, परत ये,’ पंत ओरडले. ‘मी येऊन ओढून आणीन.’

त्या चालत राहिल्या. पंत तरातरा ओटीच्या कडेपर्यंत आले. पुढे अंगण होतं आणि काठी आपटायला कोणी नव्हतं, म्हणून ते तिथेच थांबले.