नाथाने न दाखवलेलं घर

महिन्यातून एका रविवारी सकाळी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळच्या टपरीवर नाथा आणि मी चहा प्यायचो. गेल्या खेपेला तो आला नाही, म्हणून मी शिव्यांची तयारी करूनच फोन लावला. "काय रे, मोठा साहेब झालास काय? अर्धा तास झाला, उभा आहे इथं." पलीकडून त्याची बायको सुरेखा म्हणाली, "भाऊ, ते गेले. पंधरा दिवस झाले. झोपेतच..." दुःखाआधी मला राग आला, हे कबूल करतो. चाळीस वर्षांची दोस्ती, आणि मला साधं कळवलंही नाही. भेटायला येतो म्हणून पत्ता विचारला, तर ती जरा थांबली, मग बदलापूरचा पत्ता सांगितला.

नाथाचे आईवडील मुरबाडच्या डोंगराकडचे. बदलापूरच्या पुढे आमची शेती होती, तिथे पावसात लावणीला यायचे ते कापणीपर्यंत राहायचे. पुढचे महिने वीटभट्टीवर. काम जाईल तिकडे बिऱ्हाड. आमच्या बांधाला त्यांनी कारवीच्या काड्यांची खोप घातली होती. आठ-नऊ वर्षांच्या नाथाने ती आतून स्वतःच्या हातांनी शेणमातीने लिंपली, कंदिलाला खुंटी ठोकली. भट्टीवर निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "आमी पावसाला येव. तवर यो माजा घर कुनाला मोडू देव नको." मालकाचा मुलगा मी, छाती फुगवून हो म्हटलं.

मला शेतातलं एकही काम धड येत नसे. त्या उन्हाळ्यात वडिलांनी राब रचायचं काम माझ्यावर सोपवलं... भाताचं रोप जिथे टाकायचं, त्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण, गवत पसरून जमीन भाजून घ्यायची. मी अर्ध्यातच थकलो. पाला आणायला टेकडीवर कोण जाणार? बांधावर वाळलेली, रिकामी खोप उभी होती. मी ती ओढून राबावर घातली. राब असा झकास भाजला की वडिलांनी पाठ थोपटली. आयुष्यात त्यांनी माझी पाठ थोपटली ती तेवढी एकदाच.

पावसाच्या तोंडाशी नाथा आला. "वाऱ्याने गेली रे," मी म्हणालो. तो बापाला नवी खोप बांधायला मदत करू लागला. ती त्याने आतून लिंपली नाही.

पुढे तो मोरिवलीच्या कारखान्यात लेथवर लागला, मी अंबरनाथला ऑफिसात. टपरीवरची भेट तेव्हापासूनची. एकदा मी खरं सांगून टाकलं. तो पोट धरून हसला. "शेठ, अर्धा जळालेला खांब तिथंच पडला होता. मला तेव्हाच समजलेलं." मला वाटलं, सुटलो. मग तर मी तो किस्सा जिथे तिथे सांगू लागलो, माझ्या मुलीच्या साखरपुड्यात तर नाथाला शेजारी बसवून. लोक हसले, तोही हसला. घराचं विचारलं की म्हणायचा, "भाड्याचं. अकरा महिने झाले की उचला पेटारा." मी हळहळायचो, खोली शोधून देऊ का विचारायचो. तो म्हणायचा, "राहू दे रे."

बदलापूरच्या त्या पत्त्यावर दोन खोल्या होत्या. दाराच्या पितळी पाटीवर नाथाचं नाव. सुरेखाने पाणी दिलं. मी विचारलं, "भाड्यानेच ना?" ती म्हणाली, "आपलंच आहे. नऊ वर्षं झाली." नऊ वर्षं तो माझ्यासमोर बसून माझी हळहळ चहाबरोबर पीत होता. मी चिडलो. "मला का नाही सांगितलं?" सुरेखा नजर न चुकवता म्हणाली, "ते म्हणायचे, तो माणूस चांगला आहे, फक्त घर दाखवायचं नाही."

मी उगाच इकडेतिकडे पाहू लागलो. दाराच्या आत, खांद्याच्या उंचीवर, भिंतीवर पंजाएवढा काळपट तेलकट डाग होता. "रोज कामावरून आले की आधी तिथं हात टेकवायचे," ती म्हणाली. "मग चपला काढायचे. घराला रंग दिला तरी तेवढं तसंच ठेवणारे मी." निघताना दाराशी माझा हात आपोआप वर गेला. सुरेखा बघत होती. मी तो खिशात घातला आणि भिंतीला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून बाहेर पडलो.